इथे केसभर, तिथे वारभर

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या चाळीखालचा मसाला कुटायचा डंक बंद पडतो. लालबागेत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, वीज गेली. वीज नाही गेलेली. वर दुसऱ्या मजल्यावर परबनाना रेकॉर्ड प्लेअरची सुई बसवतायत.

नाना माझे शेजारी. गिरणीत वीस वर्षं साच्यावर कापड विणलं, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, आणि आता पंचाहत्तरीला ही सुई. ती ज्यात बसते ते कार्ट्रिज भाच्याने परदेशातून आणलेलं. आकाराने काड्यापेटीहून लहान, पण मान जावयाचा! महिनाभराच्या हादऱ्यांनी ते सरकतं, असं नानांचं म्हणणं. ते पुन्हा बसवताना डंक बंद, आमच्या फोडण्या बंद, गॅलरीतून चालणंसुद्धा बंद. लाकडी जमीन हलते ना.

खाली आरसा, वर भिंग, हातात सोनाराचा चिमटा. रेघांच्या कागदावर सुई टेकवायची, स्क्रू एवढासा सैल करायचा, पुन्हा टेकवायची. "इथे केसभर, तिथे वारभर!" हे नानांचं ब्रह्मवाक्य. साच्यावर केसभर चूक झाली की वारभर कापड फुकट जायचं, त्यातलं हे.

सुई बसली की भिंतीवर थाप पडते. ती माझ्यासाठी.

"ये गो बाय. आयक."

मग त्यांच्या गिरणीच्या भजनी मंडळाची रेकॉर्ड लागते. जगात तिची उरलेली ही एकच प्रत. शेवटच्या भजनाला सुई अगदी आतल्या वळणांवर येते आणि चूक असली तर तिथेच आवाज फुटतो. नाना माझ्या तोंडाकडे बघत बसतात. "झांज येता मा? फुटना नाय ना?"

मी बँकेत नोकरी करणारी बाई. हक्काचा रविवार एकच. मला वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. एकदा माहेरी जायची घाई होती. दारातूनच "झकास, नाना!" म्हटलं आणि पळाले.

पुढच्या रविवारी भाचा आला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. "मामा, झांज फुटतेय! सुई वाकडी बसलीय. रोज लावताय ना? रेकॉर्ड सोलून निघेल."

"गप रे," नाना म्हणाले. "माझ्या बायन आयकल्यान हा. ती खोटा बोलाची नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचा गेल्यावर मी जाऊन कबूल केलं. नाना रागावले नाहीत. त्यांनी रेकॉर्डचं पाकीट पुढे केलं. मागच्या फोटोत मंडळ बसलं होतं आणि कडेला झांज घेतलेला एक काडीपैलवान.

"ह्यो मी," ते म्हणाले. "पखवाज आयकाक येता, बुवांचो आवाज येता. झांज काय येना नाय. साच्यान कान खाल्ल्यान गो."

इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? आमच्या चाळीत गिरणीतले सगळेच मोठ्याने बोलतात, त्यात नाना खपून गेले. आणि एवढ्या मोठ्या चाळीत त्यांनी आपले कान म्हणून मला नेमलं होतं. याहून मोठा मान मला आजवर कुणी दिलेला नाही.

त्याच रविवारी पुन्हा डंक थांबवला. नानांनी सुई बसवली. शेवटचं भजन आलं.

"येता मा?"

"येतेय नाना. दुसऱ्या कडव्याला थोडी फुटते. ती माझ्यामुळे."

"फुटांदे. येता ना? मग झाला."

मी त्यांचा हात ओढून घेतला आणि झांज वाजेल तशी त्यांच्या तळव्यावर बोटांनी ठोके देऊ लागले. नानांनी डोळे मिटले. दोन ओळी गेल्या असतील नसतील, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मागे पडतंस गो," ते म्हणाले, आणि माझंच मनगट धरून मला ठेका दाखवू लागले.