स्थळ पसंत आहे

सोमशेखर अण्णांच्या ब्लॉगला रोज बारा वाचक होते. त्यातले अकरा कोण, हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं, कारण त्या अकरा जणांना रोज सकाळी फोन करून 'वाचलं का?' असं ते स्वतःच विचारत. (त्यातले निम्मे तर फोन येऊ नये म्हणूनच वाचायचे.) बारावा मात्र आपणहून यायचा. कॉम्प्युटरवरचा तक्ता सांगायचा, की हा माणूस बार्शीचा आहे, रोज दुपारी दीडला येतो आणि चांगला दीड तास पान उघडं ठेवून बसतो. आपलं लिखाण दीड तास वाचणारा माणूस बार्शीत राहतो आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही, या विचारानं अण्णांना घास गोड लागेना.

ब्लॉगचं नाव 'चिंतनधारा'. अण्णा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होते. दिवसभर 'खोके नग चार, खोके नग सहा' असं लिहून लिहून त्यांच्यातला लेखक गुदमरायचा, आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तो घरी येऊन मोकळा श्वास घ्यायचा. 'खिडकी : एक चिंतन', 'हरवलेली चप्पल : एक चिंतन' असे लेख व्हायचे. विषय संपले तेव्हा त्यांनी 'चिंतन : एक चिंतन' हाही लेख लिहून टाकला.

त्याच सहा ते आठच्या वेळात स्वयंपाकघरात त्यांची बायको महानंदा कडक भाकरीची पाकिटं भरत असे. महानंदाची ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी गल्लीत प्रसिद्ध होती. गल्लीबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती हे खरं, पण गल्ली मोठी होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन गुलबर्ग्याला गेल्यापासून तिच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं. पाच वर्षं तिनं कळ काढली आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बोलली.

"तुमी लिवताय, मी थापतीय. माझ्या भाकरीला गिऱ्हाईक हाय, तुमच्या चिंतनाला न्हाय. पाडव्यापर्यंत शंभर माणसं आणून दाखवा. न्हाय आली तर ते बंद करायचं आन् सहा ते आठ हितं बसून माझ्याबरोबर पाकिटं भरायची."

"आणि शंभर आली तर?"

"तर खुशाल लिवा. मी हूं का चूं करणार न्हाय."

भाकरी भरण्यात कमीपणा होता असं नाही, पण एकदा लिहिणं सुटलं की आपण फक्त 'खोके नग सहा' एवढेच उरणार, हे अण्णांना लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अल्तमशला गाठलं. अल्तमश कारखान्याचा कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि इंटरनेटवरच्या सगळ्या वाटा आपल्या पायाखालच्या आहेत असं त्याचं म्हणणं होतं.

"गेस्ट पोस्ट करा की, अण्णा," डब्याचं झाकण उघडत अल्तमश म्हणाला. "म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉगवर जाऊन पाहुणा म्हणून एक लेख लिहायचा. खाली आपल्या ब्लॉगची लिंक. त्याचे वाचक उठून आपल्याकडे येतात. वाचक आले की जाहिराती, जाहिराती आल्या की कमाई."

"लिंकला मराठीत दुवा म्हणतात," अण्णा म्हणाले.

"दुआ? मग तर मिळालीच पाहिजे."

अण्णांनी शोध घेतला आणि त्यांचं काळीज लकाकलं. 'मुक्ताबाईचा डबा' नावाचा एक ब्लॉग होता. निवृत्त शिक्षिका मुक्ताबाई रोज एका डब्याची कृती लिहायच्या आणि चार हजार माणसं ती वाचायची. गाव बार्शी. शंभर वाचक तर मिळतीलच, शिवाय त्या बाराव्याचाही पत्ता लागेल, अशा दुहेरी आशेनं अण्णा पत्र लिहायला बसले.

बाई मराठीच्या शिक्षिका. तेव्हा इंग्रजी शब्द एकही येता कामा नये, असा अण्णांनी पण केला. वेबसाइटला संकेतस्थळ म्हणतात हे त्यांना माहीत होतं, पण 'संकेत' हा शब्द बाईमाणसाला लिहिताना जरा चावट वाटला म्हणून त्यांनी तो गाळला आणि नुसतं 'स्थळ' ठेवलं. पत्र असं झालं:

'आदरणीय मुक्ताबाई, सादर नमस्कार. आपलं स्थळ आंतरजालावर पाहिलं आणि मनापासून पसंत पडलं. आमचंही एक स्थळ आहे. लहान आहे, पण पाच वर्षांत कुणी बोट ठेवलेलं नाही. जातिधर्माचं बंधन आम्ही मानत नाही. एकदा पाहुणा म्हणून आपल्याकडे येण्याची इच्छा आहे. देण्याघेण्याचा प्रश्नच नाही. आपली संमती असेल तर दोन्ही स्थळं कायमची जोडली जातील आणि दोन्हीकडच्या माणसांचं येणंजाणं सुरू होईल. लोभ असावा.'

अल्तमशनं ते वाचलं आणि म्हणाला, "एकदम खानदानी झालंय, अण्णा."

आता मुक्ताबाईंच्या घरची एक गोष्ट अण्णांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. महिन्यापूर्वीच मुक्ताबाईंचे यजमान कोंडीबा यांनी लेकीचं, म्हणजे अंकिताचं, नाव एका वधू-वर सूचक मंडळात घातलं होतं, आणि तिथं दिलेला ईमेलचा पत्ता मुक्ताबाईंच्या ब्लॉगचाच होता.

उत्तर दोन दिवसांत आलं. 'पत्र पोचलं. घरात सगळ्यांनी वाचलं. आपले विचार आवडले. येत्या रविवारी अकरा वाजता सौभाग्यवतींसह पाहुणे म्हणून यावं. ज्याचं सगळं चाललं आहे त्यालाही सोबत आणावं, म्हणजे बघणं एकदमच होईल.'

अण्णांनी हे पत्र सात वेळा वाचलं. एका लेखासाठी जोडीनं जेवायला बोलावतात म्हणजे बार्शीत साहित्याची कदर आहे. शेवटचं वाक्य तेवढं कोड्यात टाकणारं होतं. ज्याचं सगळं चाललं आहे, म्हणजे कुणाचं? बराच विचार करून त्यांनी लॅपटॉप बॅगेत घातला. महानंदानं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून भाकरीची दोन पाकिटं आणि चटणीची बरणी घेतली, आणि रविवारी सकाळी दोघं बार्शीच्या एसटीत बसले.

दारात रांगोळी होती. खुर्च्यांवर नव्या चादरी होत्या. समोरच्या घरातल्या दोन बायका कठड्यावर रेलून बघत होत्या. कोंडीबांनी फेटा बांधला होता. मुक्ताबाईंनी महानंदाला हाताला धरून बैठकीत आणलं आणि जवळ बसवलं. लेखकाचा असा मान अण्णांनी आजवर ऐकलाही नव्हता.

पाणी झालं. कोंडीबांनी घसा खाकरला. "सोबत आणलं न्हाय व्हय?"

"आणलंय की," अण्णा म्हणाले. "बॅगेत आहे."

कोंडीबांना वाटलं, फोटो आणला असेल. हल्ली तशीही पद्धत निघालीय. "बरं. किती वर्सं झाली म्हणायची?"

"श्रावणातच पाच पूर्ण झाली."

"कामाला लागून? चांगलंय. आन् कमाई?"

"कमाई अजून नाही," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. "जाहिरातींची वाट बघतोय."

"पाच वर्सं नुसत्या जाहिराती बघतोय?" कोंडीबांनी मुक्ताबाईंकडे पाहिलं. "दिवसभर करतोय काय मग?"

"चिंतन."

मुक्ताबाईंनी बाजू सावरून घेत विचारलं, "तब्येतीचं वगैरे काही?"

"मध्ये व्हायरस आला होता. आठ दिवस बंदच पडलं होतं सगळं. एका ओळखीच्या माणसानं पुसून काढलं आणि पुन्हा चालू केलं."

"आरं देवा," कोंडीबा म्हणाले. "आन् आधी कुटं बोलणी झाली हुती का?"

"दिवसाला बारा जण येऊन बघून जातात. पण टिकत कुणी नाही. त्यातला एक तुमच्याच गावचा आहे, तो मात्र दीड तास बसतो. तो कोण असेल, तुम्हाला काही कल्पना?"

तेवढ्यात आतून अंकिता पोह्यांचा ट्रे घेऊन आली. साडी, केसात गजरा, कपाळावर आठी. पोह्यांवर खोबरं पेरलेलं होतं आणि प्रत्येक बशीत चमचा सरळ ठेवलेला होता. महानंदानं त्या पोह्यांकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. अण्णांना बाराव्या वाचकाचं कोडं अजून सुटलं नव्हतं, तिला हे कोडं एका बशीत सुटलं. ती हळूच त्यांच्या कानाशी लागली.

"आपल्याला मुलगा कवा झाला, एवढंच सांगा मला."

पण अण्णा रंगात आले होते. ही मुलगीच ब्लॉगचं काम बघत असणार, असं त्यांनी ताडलं होतं. "पुढं सगळं तुम्हालाच सांभाळायचंय का?" त्यांनी अंकिताला विचारलं. "आमचं जरा लांबलचक असतं. सोसेल ना?"

"मला आधी बघायचंय," अंकिता ठाम आवाजात म्हणाली.

"बघा की," असं म्हणून अण्णांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर 'हरवलेली चप्पल : एक चिंतन' होतं.

अंकितानं चार ओळी वाचल्या. मग तिनं ट्रे खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून हसायला लागली. "बाबा, मुलगा न्हायच हो. ह्यो ब्लॉग हाय. स्थळ म्हंजे संकेतस्थळ."

अर्थ सगळ्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. कोंडीबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. समोरच्या कठड्यावरच्या बायका आत निघून गेल्या, म्हणजे बातमी गावात गेली. अण्णांना खरोखर वाईट वाटलं. एका बापानं आपल्या पत्रासाठी चादरी बदलल्या, फेटा बांधला, आणि आपण त्याच्यापुढे चप्पल ठेवली. ते उठून हात जोडून उभे राहिले.

मुक्ताबाईंनी फोनवर ते पत्र पुन्हा काढलं आणि शिक्षिकेच्या नजरेनं वाचलं. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "तिथंच फसलो आपण."

"लई भारी झालं," अंकिता म्हणाली. "मला औंदा लगीन करायचंच न्हाय. तुमी दर म्हयन्याला असलंच एक स्थळ आणा, काका."

त्यावर कोंडीबासुद्धा हसले. हसता हसता त्यांची नजर पडद्यावर गेली. "चिंतनधारा? आरं, ही तुमची व्हय?"

अण्णा पुढे सरकले. "तुम्ही? रोज दुपारी दीडला?"

"मीच की. आडतीवरनं जेवायला आलो, की आडवं पडायचं आन् ह्ये उघडायचं. डागदरच्या गोळीनं येत नव्हती तसली गाढ झोप लागती. तिसऱ्या ओळीच्या पुढं कवा गेलोच न्हाय बगा. उठतो ते तीन वाजता."

बाराव्या वाचकाचा शोध असा लागला. अण्णा खाली बसले आणि पोहे खाऊ लागले.

जेवणं झाली. भाकरीचं पाकीट फोडलं गेलं, चटणीची बरणी फिरली. कडक भाकरी दमट हवेतही कडकच कशी ठेवायची, हे महानंदानं सांगितलं. त्याच ओघात 'आणलंय की, बॅगेत आहे' हेही तिनं नवऱ्याच्या आवाजात करून दाखवलं, तेव्हा कोंडीबांना ठसका लागला. मुक्ताबाई मान हलवत ऐकत होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "पाहुण्यांचा लेख मी नक्की छापणार."

अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "'दरवाजा : एक चिंतन' तयारच आहे."

"तुमचा नाही हो," मुक्ताबाई म्हणाल्या. "ह्यांचा."

महानंदा फोनवर बोलली, अंकितानं लिहून घेतलं. 'बॅगेतला नवरदेव आणि माझी कडक भाकरी' हा लेख चार दिवसांत चार हजारांनी वाचला आणि मग आणखी कितीतरी जणांनी एकमेकांना पाठवला. पाहुण्याच्या लेखाखाली पाहुण्याच्या ब्लॉगची लिंक द्यायची रीत. महानंदाला ब्लॉग नव्हता, म्हणून अंकितानं तिथं 'चिंतनधारा' जोडून दिली.

पाडव्याच्या सकाळी अण्णांनी तक्ता उघडला. वाचक एक हजार नऊशे. त्यांनी तो आकडा बायकोला दाखवला आणि बऱ्याच वर्षांनी छाती पुढं काढून ते बोलले.

"बोली आठवतेय ना?"

"व्हय की. लिवा खुशाल," महानंदा म्हणाली. "आदी त्या माणसांचं म्हणणं काय हाय तेवडं बगा."

'हरवलेली चप्पल'खाली एकशे चाळीस प्रतिक्रिया होत्या. अण्णांनी हुरळून वाचायला घेतल्या. 'दोन पाकिटं लातूरला.' 'चटणी तिखट हवी, पुणे.' 'भाकरी करकंबला मिळेल का, काकू?' चपलेबद्दल एकच होती, तीही, 'ही जाहिरात जरा लांबली आहे, भाकरीचा नंबर वर टाका,' अशी.

ब्लॉग बंद झाला नाही. महानंदानं शब्द पाळला, हूं का चूं केलं नाही. फक्त एवढी पाकिटं एका माणसाच्यानं होईनात, तेव्हा अण्णाच एके संध्याकाळी आपणहून जाऊन तिच्याजवळ बसले. आता सहा ते आठ ते भाकऱ्या मोजतात, पिशव्या भरतात, तोंड बंद करतात. चिंतनाला वेळ उरत नाही. पाकिटावरच्या चिठ्ठीचा मजकूर मात्र त्यांनी हट्टानं स्वतः लिहिला. पहिला मसुदा तीन पानी झाला होता. मुक्ताबाईंनी तो तपासून परत पाठवला, आणि त्यातली एक ओळ शिल्लक राहिली.

आज सोमशेखर अण्णांचं लिखाण रोज तीनशे घरांत वाचलं जातं, आणि ते अगदी शेवटपर्यंत वाचतात असं गिऱ्हाईकं शपथेवर सांगतात. ते असं आहे : 'कोरड्या जागी ठेवावे.'

कोंडीबांनी मात्र फोन करून तक्रार केली, की ह्यानं झोप येत नाही.