लवू कुबलचं सामान

तुम्हीच सांगा, माणूस समुद्रात राहिला आणि त्याचा पाणबुड्याचा सूट मात्र रोज वेळेवर कामावर येत राहिला, तर त्या सुटाला किती वर्षं कामावर ठेवायचं?

मालवणच्या अलीकडच्या एका वाडीत हा प्रश्न खरोखरच आला. लवू कुबल पर्यटकांना मासे दाखवायला पाण्याखाली नेत असे. एका हंगामात तो खडकापाशी उतरला तो वर आलाच नाही. सूट, मुखवटा, पायातले पंखे, हवेचं जाकीट आणि पाठीवरचा सिलिंडर, एवढं सामान नेहमीसारखं शिडी चढून होडीत आलं आणि पुढच्या पर्यटकाची वाट बघत फळीवर बसलं. हंगाम भरात होता, म्हणून लवूच्या डायव्हिंग केंद्राचा मालक बाबल मेथर काही बोलला नाही. गाइड बोलत नाही एवढीच काय ती अडचण होती, आणि पाण्याखाली तसंही कोण बोलतं? बाह्यांच्या टोकांना हात नव्हते, तरी त्यानं कुणा पर्यटकाचा हात कधी सोडला नाही.

संध्याकाळी सामान घरी येई. लवूची बायको प्रमिला त्याला विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवी, उलटं करून सावलीत वाळवी, आणि पुन्हा सुलटं करून पडवीतल्या खुर्चीवर बसवी. मग ती दिवसभराचं बोलत राही. लवूला जिवंतपणी एक खोड होती. घरातून निघाला की कोपऱ्यापर्यंत जायचा आणि फाटकाची कडी लागली आहे ना, ते बघायला एकदा परत यायचा. सामानही तसंच करायचं. प्रमिलाला तेवढं पुरत होतं.

पण समुद्राचं सामान फार टिकत नाही. आधी पंख्यांना भेगा गेल्या. नवे पंखे आले, तेव्हा त्याची चाल बदलली. मग मुखवट्याचं रबर पिवळं पडलं. नवा मुखवटा आला आणि तो प्रमिलाकडे पर्यटकांकडे बघावं तसं बघू लागला. श्वासाच्या नळीचं यंत्र बदललं, त्या दिवसापासून खुर्चीवरून ऐकू येणारा श्वास परक्या माणसाचा झाला. जाकीटही गेलं. दर वेळी प्रमिला मनाशी म्हणायची, एवढंच ना, बाकीचा तर आहे. आता लवूचं म्हणावं असं दोनच वस्तूंत उरलं होतं, सूट आणि सिलिंडर.

तेवढ्यात एका बाईंनी तक्रार केली, की गाइड मधूनच चपटे होतात.

तपासणीसाठी पर्यटन खात्यातून देवस्थळी नावाचे साहेब आले. केंद्राच्या शेडमध्ये सूट बाकावर बसला होता. शेजारी प्रमिला बसली होती, तिनं बरी साडी नेसली होती.

"वयनी, माका पण बरा वाटत नाय," बाबल म्हणाला. "पण काल गुडघ्यातसून पाणी शिरला नि लवू मधीच फुगलो. गिरायक घाबरतत."

"तू नाय घाबरलंस कधी? पयल्या दिवशी होडीतसून उडी कोणी मारल्यान?" प्रमिला म्हणाली.

बाबलनं सुटाच्या बाहीवरची वाळू झटकली.

देवस्थळींनी सुटाचं कोपर अंगठ्यानं दाबलं. खळगा तसाच राहिला. "हे बघा, दाबलं की फुगून येत नाही. रबराच्या आतला हवेचा फेस मेलाय. खोल गेलं की हा कागदासारखा होतो. ऊन, खारं पाणी, रोजचा दाब. तुम्ही निगा चांगली राखलीत, म्हणून एवढा तरी चालला."

"मी ठिगळ लावते, साहेब."

"ठिगळ भोकाला लावतात, बाई. वयाला नाही."

मग त्यांनी बोटाच्या पेरानं सिलिंडरवर टकटक केली. घंटेसारखा आवाज आला. "याची दाबाची चाचणी पास झाली. हा अजून पुष्कळ वर्षं चालेल. तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त."

नियम असा होता, की सूट बाद झाला की त्याचा गळा कापायचा, म्हणजे चुकूनही कुणी घालू नये. पण देवस्थळी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "कुबल नेमके कुठल्या भागात आहेत, ते सांगता येईल का? तेवढा एक भाग घरी द्यावा, अशी शिफारस मी करू शकतो. एकच."

हे प्रमिलाला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं सुटाच्या छातीला कान लावला. रबराचा आणि तिनंच धुताना वापरलेल्या साबणाचा वास आला. डावा खांदा थोडा वर होता. पूर्वी मासेमारीत जाळी वाहून लवूचा खांदा तसाच झाला होता. मग तिनं सिलिंडरवर हात ठेवला. तो गार होता. त्यात बाबल रोज यंत्रानं नवी हवा भरायचा. रोज बदलणाऱ्या हवेत माणूस कसा राहील?

"वयनी, घाई नाय," बाबल म्हणाला.

"सूट द्या," प्रमिला म्हणाली.

देवस्थळींनी शिफारस केली आणि गळा कापला नाही. सिलिंडर नव्या सुटाच्या पाठीवर बांधला गेला. प्रमिला जुना सूट छातीशी धरून घरी घेऊन आली. वाटेत तो अंग टाकल्यासारखा तिच्या हातांवर लोंबत होता. थकला असेल, असं तिला वाटलं. घरी तिनं त्याला धुतलं, वाळवलं, खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीवरून घसरला. तिनं पुन्हा बसवलं, तो पुन्हा घसरला. शेवटी तिनं त्याला अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि, उद्यापासून तुला सुट्टीच आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिला दोरीपाशी उभी असताना नवा सूट लवूचा सिलिंडर पाठीवर घेऊन केंद्रातून जेटीकडे निघाला, तिच्या दारावरून कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून परत आला, फाटकाची कडी लागली आहे ना ते पाहिलं, आणि कामाला गेला.