लिमयांची अडकणारी रायफल

लिमयांच्या घरात चपला बाहेर, कांदा-लसूण बाहेर, अंड्याचा केक तर ड्राइव्हवेच्याही बाहेर. आणि देवघराशेजारच्या कुलूपबंद कपाटात हरणं मारायची रायफल! अमेरिकेतल्या या एडिसन गावात मी तऱ्हेतऱ्हेची मराठी माणसं पाहिली, पण साजूक तुपातला शिकारी हा एकच.

शिकारी म्हणणंही चूकच. लिमयांनी आयुष्यात डासाशिवाय काही मारलेलं नाही, आणि तोही मारण्याआधी खिडकीची जाळी कुठे फाटली आहे ते शोधतात. नोकरीभर त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढल्या. रिटायर झाल्यावर सॉफ्टवेअर सुटलं, चुका काढणं राहिलं. "लक्षण वेगळं, कारण वेगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक फुटले तेव्हा बायका बिचाऱ्या दुसरी उकड काढत होत्या, आणि लिमये मात्र फुटलेले मोदक ओळीने मांडून "रूट कॉज काय?" विचारत उभे. आरती त्यांच्यामुळे खोळंबली.

रायफल शेजारच्या फ्रँकची. फ्रँक एकटा म्हातारा. मंगलावहिनी, म्हणजे लिमयांची बायको, त्याला रोज वरणभाताचा डबा द्यायच्या. म्हातारा जाताना आपल्या वडिलांची जुनी रायफल वहिनींच्या नावावर करून गेला. वकिलाने ती आणून दिली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, निदान डबा तरी धुऊन परत करायचा!"

पण वहिनींनी रायफल मनावर घेतली. दसऱ्याला मंडळातले सगळे लॅपटॉपला आणि गाडीला हळदकुंकू लावतात. वहिनींनी कपाट उघडायला लावलं. "घरात खरंखुरं शस्त्र असताना मी कीबोर्डची पूजा करू?" असं म्हणून त्यांनी झेंडू वाहिला आणि ओंजळभर अक्षता टाकल्या.

"अगं, मशीन आहे ते!" लिमये ओरडले.

"मग मशीनचंही भलं होऊ दे," वहिनी म्हणाल्या, आणि आणखी टाकल्या. मी तिथेच प्रसादाचे पेढे खात बसलो होतो.

पुढच्या दसऱ्याआधी वहिनी गेल्या. रायफल लिमयांकडे आली, आणि माझा त्यांच्याशी वाद सुरू झाला.

मी या देशात दोन बॅगा घेऊन आलो. पेट्रोलपंपावर उभा राहिलो, फरशा वाहिल्या, आज माझं ग्रॅनाइटचं दुकान आहे. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही. डोंगरात मी एक लाकडी घर घेतलं, त्यातल्या शेकोटीवरची भिंत मोकळी होती. त्या भिंतीवर ही रायफल टांगायची, हे मी ठरवून टाकलं. मंडळाच्या पिकनिकला, चार लोकांसमोर, विषय काढला. लिमये म्हणाले, "दुरुस्त झाली की तुमचीच, जाधवराव. शब्द."

"दुरुस्त म्हणजे?"

"जाम होते. गोळी आत ढकलणारा बोल्ट पुढे सरकतो आणि शेवटच्या बोटभर अंतरावर अडकतो."

"अडकू दे की! मला भिंतीवर टांगायची आहे, वाघ नाही मारायचा!"

"सदोष माल मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही."

मी भाव वाढवला. ते हसले. मी भाव पाडला. तरी हसले. असल्या माणसाशी सौदा करायचा कसा?

मग दुरुस्ती सुरू झाली. लिमयांनी जुनं, डिंकासारखं झालेलं तेल धुतलं, स्प्रिंग बदलली, प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या मागवून घालून-काढून पाहिल्या. जेवणाच्या टेबलाजवळ व्हाइटबोर्ड लागला, त्यावर मधोमध रायफलचं चित्र आणि चहूकडून बाण. मी चौकशीला गेलो की कॉफी मिळायची, चकली मिळायची आणि उत्तर मिळायचं, "एक एक कारण बाद करतो आहे." सांता क्लाराहून त्यांचा मुलगा फोनवर ओरडायचा, "बाबा, जस्ट सेल इट, यार!" लिमये त्यालाही शांतपणे लक्षण आणि कारण यांतला फरक समजावायचे. दोन दसरे गेले. मंडळात लोक मला विचारायला लागले, "काय जाधव, टांगली का?" माझं डोकं तडकायचं.

शेवटी एका रविवारी मी दुकानातला टॉर्च, बारीक चिमटा आणि सगळा राग घेऊन त्यांच्या घरी धडकलो. "आण ती इकडे!" मी म्हटलं. संतापलो की मी वडीलधाऱ्यांनाही अरे-तुरे करतो.

लिमये नको नको म्हणत होते. मी टेबलावर पेपर पसरला, बोल्ट बाहेर काढायला लावला आणि आत टॉर्च मारला. सगळं आरशासारखं लख्ख. फक्त खोल, जिथे बोल्टचं टोक बसतं त्या खाचेत, काहीतरी पिवळं होतं. चिमट्याने ओढलं. पेपरवर पडला तांदळाचा दाणा. हळदीने पिवळा, एका टोकाला कुंकू.

"लिमये!" मी टेबलावर हात आपटला. "हे तुला दिसलं नाही? तुला?"

"पहिल्याच आठवड्यात दिसलं," ते म्हणाले.

"मग स्प्रिंग कशाला बदललीस? तो बोर्ड? ते बाण?"

"तेवढं सोडून सगळं दुरुस्त करत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "घरातली मंगलाची बाकीची हळद-कुंकवाची बोटं पुसली गेली, जाधवराव. बाई येते कामाला, चांगलं पुसते. आत तिचा फडका पोचत नाही."

मग त्यांनी बोल्ट बसवून पुढे ढकलला. तो लोण्यात सुरी जावी तसा सरकला. खट्. लिमयांनी रायफल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "झाली दुरुस्त. शब्द दिला होता."

सौदा माझ्या पदरात पडला होता. आयुष्यात असा माल मी कधी सोडलेला नाही.

मी रायफल घेतली, पुन्हा टेबलावर ठेवली, बोल्ट काढला. चिमट्यात दाणा धरायला वेळ लागला. फरशा उचलणारी बोटं ही. दाणा जागेवर बसल्यावर मी बोल्ट ढकलला. बोटभर आधी अडकला.

"अजून जाम होते आहे," मी म्हटलं.

लिमयांनी स्वतः ढकलून पाहिला. बराच वेळ हात त्यावरच होता.

"होते खरी," ते म्हणाले. "कॉफी टाकतो."

माझी भिंत अजून मोकळी आहे. मंडळात कुणी विचारलं तर मी मोठ्याने सांगतो की त्या लिमयांच्या शब्दाला काडीची किंमत नाही. ते शेजारी उभे असले तर मान डोलावतात.