तीन डब्या आणि घरची खळ

फ्रीजरमधून तीन डब्या निघाल्या. तिन्हींवरच्या चिठ्ठ्या मात्र खाली बर्फाच्या चुऱ्यात पडल्या होत्या. सुनेने आधी खुर्ची ओढली आणि बसून घेतलं. डब्यांत सासरे, सासूबाई आणि नवरा यांच्या शौचाचे नमुने होते. अकरा वाजता ते प्रयोगशाळेत पोचवायचे होते आणि कुठली डबी कुणाची हे आता देवालाच ठाऊक होतं.

सून आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन करत होती. सालं, कोंडा, डाळी असं जे आपल्याला पचत नाही, ते हे जिवाणू खातात आणि शॉर्ट चेन फॅटी ॲसिड नावाची आम्लं बनवतात. आतड्याचं अस्तर त्यांवर पोसतं. अशी आम्लं भरभरून बनवणारं एक तरी आतडं तिला हवं होतं. बाहेरची माणसं डबी बघूनच पळाली, म्हणून तिने घरच्यांना पकडलं. महिनाअखेर आकडे दिले नाहीत तर प्रबंध एक वर्ष लांबणार होता.

"मी छापील नंबर चिकटवले होते. ते कसे निघाले?"

"छापील नंबरावर माझा विश्वास नाही," सासरे म्हणाले. चाळीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळून ते निवृत्त झाले होते. "मी त्यांवर हाताने नावं लिहून चिठ्ठ्या लावल्या. घरची खळ, पिठाची. आयुष्यभर फाइलींना तीच लावली."

"फाइली फ्रीजरमध्ये होत्या का, बाबा?"

सासरे चष्मा पुसू लागले. गारठ्यात खळ कडक झाली होती आणि सुटताना छापील नंबरही घेऊन सुटली होती.

"डावीकडची माझी," नवरा म्हणाला.

"मी मटार काढताना हलवल्या रे," सासूबाई म्हणाल्या.

"मग उजवीकडची?"

"मटार परत ठेवतानाही हलवल्या."

शेवटी सुनेने अ, ब, क असं लिहून डब्या नेल्या. चार दिवसांनी तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. 'ब'मधली आम्लं बघून त्यांनी मशीन दोनदा तपासलं होतं. "कोण आहे हा माणूस? उद्याच पाठव."

"मीच," सासरे म्हणाले. वीस वर्षं ते रोज सकाळी ओट्स चावत होते आणि दुसऱ्यांनाही चावायला लावत होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, नवा नमुना देऊन आले. आकडा अगदीच बेताचा निघाला. मग नवरा गेला. त्याचा त्याहून खाली. घरात कुणाला काही कळेना. 'बाहेरचा नमुना मिसळला असावा,' असा शेरा सासऱ्यांनी वहीत मारला.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "डब्या तीन होत्या."

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या.

"आई, तुम्ही रोज काय खाता?"

"उरलेलं. कालचा भात, गार बटाटे, डाळीचा तळ. यांनी काढून ठेवलेली सफरचंदाची सालं. टाकवत नाही गं."

शिजून गार झालेल्या भाताचा काही भाग पोटात पचत नाही, तो सरळ जिवाणूंपर्यंत जातो, हे सुनेने प्रबंधात अकरा पानं भरून लिहिलं होतं. सासूबाई रोज सगळ्यांच्या मागून काय जेवतात, हे मात्र तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिला लाज वाटली.

सरांनी बजावलं, तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना हवा, तोवर एका घासाचाही बदल नको.

पण दुसऱ्या दुपारी गार भाताच्या डब्यावर सासऱ्यांच्या नावाची चिठ्ठी होती, चांगली खळीने चिकटवलेली. सालं नवऱ्याने पळवली होती. आणि ताज्या, वाफाळत्या जेवणाला टेबलावर एकट्या सासूबाई बसल्या होत्या.

सून कासावीस झाली. "आई, तीन आठवडे तरी तेच खा हो. तुमच्या जिवाणूंवर माझा सगळा प्रबंध उभा आहे."

"अगं, पस्तीस वर्षं त्यांनी बिचाऱ्यांनी गारच खाल्लंय," सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस त्यांनाही गरम खाऊ दे."

सुनेने मनातल्या मनात प्रबंधाला एक वर्ष वाढवून दिलं आणि सासूबाईंना आणखी भात वाढला.