फुकट अंड्यांचा भाव

"पंधरा रुपये? काहून गा सौरव, तुही कोंबडी कॉन्व्हेंटात शिकली का?"

शोभाकाकू आमच्या भिंतीपलीकडची. भांडताना तिचा एक हात कमरेवर असतो आणि दुसरा समोरच्याच्या मालावर. त्या दिवशी तो माझ्या अंड्यावर होता.

"गावरान हाय काकू. पंधराच."

"सदरच्या बाजारात सात रुपयाले भेटते."

"ते फार्मचं असते."

"अन् हे गावरान कसं? हे कोंबडी तर जन्मात नागपूरच्या बाहेर नाही गेली!"

नववीत शाळा सोडली तेव्हापासून माझ्याकडे नऊ कोंबड्या आणि त्यांचं पोट भरायचं काम. दाणा संपला होता. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "रविवारपर्यंत अंडे विकून दाणा आन. नाही तर महादेवराव घेऊन जाईन कोंबड्या." महादेवरावांचं चौकात चिकनचं दुकान आहे. ते कोंबड्या पाळायला नेत नाहीत.

आणि तो शनिवार होता. घरात चोवीस अंडी, अन् काकू एकेक अंडं कानाशी हलवून पाहत होती. माझं डोकं सटकलं.

"परवडत नसन तर फुकट न्या! साऱ्या मोहल्ल्यानं न्या!"

रागात माणूस असं बोलतो. समोरच्यानं अशा वेळी तोंड वाकडं करून निघून जायचं असतं. काकू भिंतीवरून ओरडली, "वं कौसल्या! धाव लवकर! सौरव फुकट अंडे वाटून राहिला!"

पाच मिनिटांत कौसल्यामावशी आली, चक्कीवाले गणपतराव आले, कोपऱ्यावरची प्रीती ओढणी पसरून आली. शब्द मागे घ्यावा तर इज्जत जाते. त्यात प्रीतीच्या ओढणीत अंडी एकमेकांवर आपटू लागली, ते मला बघवेना. म्हणून मी वरून आईची भांडीपण देऊन टाकली. डबे, वाट्या, एक मोठा गंज.

आई धंतोलीच्या एका दवाखान्यात आया आहे. ड्यूटीवरून आली आणि आधी फळीकडे पाहिलं.

"अंडे गेले ते गेले. माहे भांडे कुठं हायेत?"

"आत्ता आनतो मागून."

"खबरदार! देल्लं ते देल्लं. भांडे मागाले जात असते का कोनी?"

मग तिनं माझ्यासमोरच महादेवरावांना फोन लावला, "सकाळी या भाऊ." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी पहिली कौसल्यामावशी आली. हातात आमचा डबा, डब्यात ज्वारी. ज्वारीत किडे वळवळत होते.

"रिकामा डबा कसा देऊ बाप्पा? दुसरं काही नव्हतं घरी."

माझा पारा चढला. "मावशी, चांगले अंडे देल्ले अन् तुम्ही किडे देऊन राहिल्या?"

"अबे गधड्या," आई आतून ओरडली, "तुले खा लागते का ते? कोंबड्याईले विचार!"

मी डबा अंगणात उपडा केला. कोंबड्या अशा तुटून पडल्या की किडा आधी की दाणा आधी, यावरून त्यांच्यातच मारामारी झाली.

मग गणपतराव आले. गंजात चक्कीतलं झाडलेलं पीठ, गहू, चणे, काठोकाठ. प्रीतीनं वाटीत बाजरी आणली, आणि बाकी पिशवीत, कारण वाटीत मावत नव्हती. शेवटी शोभाकाकू. तिच्याकडे आमची एकच लहान वाटी होती, पण ती चार किलो तांदळाच्या कनकीवर ठेवून आणली होती.

तेवढ्यात महादेवराव स्कूटीला जाळी बांधून हजर. त्यांनी दाण्याचे ढीग पाहिले, गळ्यापर्यंत भरलेल्या कोंबड्या पाहिल्या.

"वैनी, एवढा दाणा हाय तर विकून काहून राहिल्या?"

"कोन विकून राहिलं?" आई म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

तेव्हाच तिनं भाव ठरवला. बाहेरच्याला पंधरा रुपये. मोहल्ल्यातल्याला वाटीभर दाण्याला दोन अंडी, दाणा कसाही चालेल.

मी शोभाकाकूकडे गेलो. मला आभार मानता येत नाहीत. जन्मात कधी मानले नव्हते.

"काकू, तुमच्यामुळंच झालं हे सारं!"

"काय झालं माह्यामुळं? काय केलं म्या?" हात कमरेवर.

"कोंबड्या वाचल्या!"

"मंग ओरडून काहून राहिला? भांडाले आला का?"

"आभार मानाले आलो!"

"तं हळू मान ना बापा. नात झोपली हाय आत."

मग मी हळू मानले. तिनं पदरानं माझं नाक पुसलं. मी काही लहान नाही, पण पुसू दिलं.

बरं, मले जा लागते आता. काकू पुन्हा ओरडून राहिली. दोन कोंबड्या तिच्या मेथीत शिरल्या.