आठ चुंबकं आणि एक मोतीबिंदू

विश्वास कुणावर ठेवावा, सांगता का? सख्ख्या भावावर, बायकोवर, की डॉक्टरवर? शाळेने मला सातवीत सोडलं, पण पुढची चाळीस वर्षं लोखंडी सामानाच्या दुकानात बसून मी एवढं शिकलो: कुणावरही ठेवा, पण "मला एक आयडिया सुचलीय" म्हणणाऱ्यावर ठेवू नका. आणि तो वेल्डर असेल, तर घरातली यंत्रं आधी कुलुपात घाला.

आमच्या शेजारच्या वेल्डरचंच घ्या. हात सोन्याचा. चौकट जोडताना कोपऱ्यात त्रिकोणी चुंबक लावायचं, ते दोन्ही पट्ट्या काटकोनात धरून ठेवतं, मग निवांत टाके मारायचे, अशी कामाची रीत. त्याच्याकडे अशी आठ चुंबकं. ती टांगायला भिंतीत आठ खिळेही त्यानेच ठोकलेले. त्यामुळे चुंबकं अर्थातच लोखंड घासायच्या ग्राइंडरखाली पडलेली असत. लोखंडाचा कीस त्यांच्यावर एवढा साचला, की ती चुंबकं कमी आणि साळिंदरं जास्त दिसायला लागली. आता मध्ये कीस आला की चुंबक सपाट बसत नाही, आणि काटकोन रुसतो. शेवटी एका गिऱ्हाइकाने फाटकच परत पाठवलं. म्हणाला, "दोन झडपा भांडलेल्या नवराबायकोसारख्या उभ्या राहतात. एक इकडे बघते, एक तिकडे."

वेल्डरने फडक्याने पुसून पाहिलं. कीस फडक्यावर दोन सेकंद बसायचा आणि माहेरी निघाल्यासारखा परत चुंबकावर. फुंकर मारली तर डोळ्यात.

आयडिया सुचायला त्याला दिवसही नेमका सापडला. त्या दिवशी त्याच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू इतका पिकलेला, की आदल्या आठवड्यात त्या खुंटीवरच्या रेनकोटाला "या, बसा" म्हणाल्या होत्या. बायको औषधाच्या दुकानात कामाला. जाताना तिने तीनदा बजावलं, "अहो, अकराच्या आत आईला पोचवा. डॉक्टर बाहेरून येतात. आजची वेळ हुकली तर पुढची तीन महिन्यांनी."

"अगं, मी काय लहान आहे?" वेल्डर म्हणाला. (ती चपला घालून निघाली. लग्नाला सहा वर्षं झाली की बायका उत्तरं वाचवतात.)

साडेनऊला त्याची नजर न्हाणीघरातल्या वॉशिंग मशीनवर पडली. ग्राइंडर गरगर फिरतो तेव्हा ठिणग्या बाहेर उडतात. मशीनही गरगर फिरतं. मग कीस उडणार नाही का? त्याने आठही चुंबकं उशीच्या अभ्र्यात घातली, गाठ मारली, साबण टाकला, बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेला. आत पाणी भरत होतं, तेव्हा सगळी चुंबकं अभ्र्यासकट पोलादी ड्रमच्या एकाच बाजूला जाऊन चिकटली आहेत, हे त्याला कोण सांगणार?

तेवढ्यात सासूबाई डोळ्यात थेंब घालायच्या आधी तोंड धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं. मशीन फिरायला लागलं. आधी खोकलं, मग थरथरलं, मग चालायला लागलं. न्हाणीघर ओलांडून ते थेट दाराला जाऊन भिडलं, आणि त्याचा एक पाय मोरीच्या भोकात गेला. (भोकावरची जाळी? ती दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये नेली होती. गेल्या वर्षी.)

वेल्डरने धावत येऊन बाहेरचा स्विच बंद केला आणि दार ढकललं. दार आत उघडणारं. चार बोटं फट पडली, पुढे दार हलेना.

सव्वादहाला मी दोघांना दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन पोचलो, तेव्हा हा गडी फटीला तोंड लावून बसलेला.

"दार बिजागरीतून काढ की," मी म्हणालो.

"बिजागऱ्या आत आहेत. आणि चोर काढेल म्हणून पिना वेल्ड करून टाकल्यात."

"न्हाणीघरात चोर?" (हा सल्ला त्याला मूळ कुणी दिला होता, ते आत्ता महत्त्वाचं नाही.)

"ग्राइंडरने कापतो," तो उठला.

"ठिणग्या आत उडतील. आणि आज त्यांच्या डोळ्याचंच ऑपरेशन आहे ना?"

तो पुन्हा बसला. फोन वाजला. बायको. "निघालात का?"

"निघतोच आहोत. आई न्हाणीघरात आहेत."

"अजून?"

"त्यांनाही तोच प्रश्न पडलाय," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सासूबाईंचे तीन महिने त्या चार बोटांच्या फटीत अडकले होते.

आतून शांत आवाज आला. "जावईबापू, मशीनमध्ये काय आहे?"

"कपडे, आई."

"कपडे लोखंडासारखे वाजत नाहीत."

"चुंबकं आहेत. कीस निघावा म्हणून..."

आतून उत्तर आलं, "मी बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत चुंबकं सांभाळली. पोरांनी ती नाकात घातली, खिडकीतून फेकली. धुतली मात्र कुणी नाहीत."

"चुकलं, आई."

"ते नंतर. पाणी सोडायची नळी कुठे आहे?"

"मागे, हुकाला अडकवलेली. पण तुम्हाला दिसणार नाही."

"सहा महिने हातांनीच बघतेय मी."

नळी खाली पडल्याचा आवाज झाला, आणि तीन बादल्या पाणी भळभळत मोरीत गेलं. मशीन हलकं झालं. मग त्यांनी स्टूल सरकवलं, त्यावर फरशी पुसायच्या दांड्याचा मध्य टेकवला आणि टोक मशीनखाली घातलं. म्हणाल्या, "मी दांडा दाबला की पाय वर येईल. मी 'हं' म्हटल्यावर ढकला. आधी नको."

वेल्डरने आधी ढकललं.

"जावईबापू."

"हो, आई."

"हं."

आम्ही दोघांनी खांदा लावला. पाय भोकातून निघाला, मशीन करकरत मागे सरलं, आणि सासूबाई कडेने बाहेर आल्या. पदर ओला, चेहरा धुतलेला. दहा चाळीस झाले होते. वेल्डर तिथेच ओल्या फरशीवर मटकन बसला आणि हसायला लागला. मी दंडाला धरून उठवला नसता, तर तो तिथेच बसून राहिला असता.

अकराला पाच मिनिटं असताना आम्ही दवाखान्यात. ऑपरेशन झालं, छान झालं. संध्याकाळी सासूबाई डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसल्या आणि जावयाकडून चुंबकं साफ करून घेतली. आधी ड्रममधून. "ओढू नका, काठाकडे सरकवत आणा." मग फडक्याने कोरडी केली. मग चिकटपट्टी. "दाबा, उचला, टाका. नवा तुकडा घ्या, कंजूषपणा नको." अर्ध्या तासात साळिंदरांची पुन्हा चुंबकं झाली. मग प्रत्येकाला प्लॅस्टिकची पातळ पिशवी. पुढच्या वेळी पिशवी उलटी करून ओढली की कीस तिच्यासकट गळून पडतो. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. वेल्डरला वाटलं, आता सुटलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सासूबाईंनी भिंत पाहिली, लेक पाहिली, डोळे भरून आले. मग जावयाकडे वळल्या, बराच वेळ निरखत राहिल्या आणि हळूच लेकीला म्हणाल्या, "स्थळ आलं तेव्हा फोटो यांचाच होता ना?"

मी पोट धरून हसलो. हसलो ते चुकलंच. चार दिवसांनी बाई नव्या डोळ्याने माझ्या दुकानात आल्या, 'ताजा माल' लिहिलेल्या खोक्यातली एक बिजागरी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हा रंग आहे की गंज?" मी गेली सहा वर्षं तो गंज गिऱ्हाइकांना रंग म्हणून सांगत होतो. म्हणून विनंती एवढीच, की ही गोष्ट पुढे सांगाल तेव्हा कुणाच्या नावावर किती मूर्खपणा मांडायचा, तो हिशोब तुम्ही तरी प्रामाणिकपणे ठेवा. माझ्याकडून ते व्हायचं नाही.