चारशे बारा जणांची काहीच हरकत नाही

सरकारी नोटिसीला माणसानं काय उत्तर द्यावं, याबद्दल जगातल्या शहाण्या माणसांत एकमत आहे : काही देऊ नये. दुर्दैवानं शहाणी माणसं फुटबॉल बघायला जात नाहीत, आणि टेंभुर्णखेडच्या मैदानाचं जे झालं ते त्यामुळेच झालं.

टेंभुर्णखेड हा चिखली आणि खामगावच्या मधला एक कसबा. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडून नागपुराहून चालायचा तेव्हाची, म्हणजे १९३५ सालची ही गोष्ट. लोकसंख्या तीन हजार एकशे सहा (खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला गेलेले आणि परत न आलेले दोघे धरून). गावाचा एक फुटबॉल संघ होता. त्यात कागदोपत्री अकरा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सात खेळाडू असत. या संघानं सहा वर्षांत एकूण नऊ गोल केले, पैकी चार स्वतःवरच. त्या चारांनाही तेवढ्याच टाळ्या पडल्या, कारण टेंभुर्णखेडच्या माणसानं एकदा ओरडायला सुरुवात केली की मग तो चौकशी करत बसत नाही.

ओरडणाऱ्यांची संख्या चारशे बारा आणि त्यांचा पुढारी शालिग्राम. शालिग्रामचा वांगी-मिरचीचा मळा होता. त्याचा आवाज बाजारात तयार झालेला. चिखलीच्या बाजारात एका टोकाला त्यानं “वांगी” म्हटलं की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक पिशवी उघडायचं. फुटबॉलला त्यानं जन्मात पाय लावला नव्हता. पण रविवारी तिसऱ्या प्रहरी किसनराव पाटलांच्या पडीत वावराच्या बांधावर उभं राहून “हाण बे इंद्रभान!” म्हणताना त्याला जे सुख व्हायचं, ते वांग्याला दुप्पट भाव आला तरी होत नसे. इंद्रभान संघाचा कप्तान. ओरडण्यानं गोल होतो अशी शालिग्रामची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि नऊ गोल खरोखरच झालेले असल्यामुळे ती खोडून काढणं अवघड होतं.

तर त्या वर्षी पौषात किसनराव पाटील बांधावर आले आणि म्हणाले, “सहा वर्सं पडीत ठेवलं मी हे वावर, तुमच्या लाथा खायले. येत्या मिरगाले सरकी टोबतो म्हंजे टोबतो.”

पाटलांचं चुकलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. वावर त्यांचं, सरकी त्यांची. पण गावात दुसरी सपाट जागा नव्हती. मिरगापर्यंत, म्हणजे मृगाच्या पेरणीपर्यंत, नवं मैदान मिळालं नाही तर टेंभुर्णखेडचा फुटबॉल संपला, हे शालिग्रामला त्या क्षणी कळलं.

इथं सरकार मदतीला आलं. (असं होतं कधी कधी. त्यासाठी सरकारला दोष देऊ नये.) नागपुराहून एक परिपत्रक निघालं होतं की ग्रामीण जनतेच्या शारीरिक उत्कर्षार्थ ठिकठिकाणी क्रीडांगणं बांधावीत. ते फिरत फिरत टेंभुर्णखेडच्या गावकमिटीकडे आलं. कमिटीचे सेक्रेटरी उत्तमराव म्हणजे भला माणूस. त्यांनी कचेरीमागची गावठाणाची मोकळी जागा दाखवली, ओव्हरसियरनं नकाशा काढला. मधोमध मैदान आणि एका अंगाला चारशे माणसं बसतील अशा सात दगडी पायऱ्या. वरून मंजुरी आली. चैत्रात काम सुरू होऊन मिरगाआधी मैदान तयार होणार होतं. उरली फक्त नोटीस.

ती नोटीस मुळातून वाचण्यासारखी आहे : “सदर बांधकामाबाबत कोणास काही म्हणणे असल्यास त्याने तीस दिवसांचे आत विहित नमुन्यात लेखी कळवावे. मुदतीत कोणाचेही काहीही म्हणणे न आल्यास काम मंजूर समजून सुरू करण्यात येईल.” रिवाजाप्रमाणे ती मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या रांजणामागच्या खांबाला चिकटवण्यात आली. बावीस दिवस ती कोणी वाचली नाही. म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.

तेविसाव्या दिवशी उत्तमरावांना राहवलं नाही. त्यांना एकच व्यसन होतं, लोकांचं भलं व्हायच्या आधी ते लोकांना सांगून टाकायचं.

“शालिग्रामभाऊ,” ते म्हणाले, “मैदान झालंच समजा. फक्त आठ दिवस कोणी काही बोलू नका.”

“म्हंजे आमाले काय करा लागन, सायब?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. तेवढंच करायचं आहे.”

शालिग्राम घरी आला. काही न करणं हे काम त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं आणि ते कसं करतात याची त्याला कल्पना नव्हती. सत्यभामाबाई, त्याची बायको, सुपात लाल मिरच्या निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग बसा ना गप,” ती म्हणाली. “आठ दिवस मिठाची गुळनी धरा तोंडात. आपल्याले एखादी गोष्ट पाह्यजे हे सरकारले कयलं का ते देत नाही.”

तिचं म्हणणं शालिग्रामला पटलं. त्यानं बातमी अत्यंत गुप्तपणे फक्त आपल्या चारशे अकरा माणसांना सांगितली आणि सगळ्यांना गप राहायची शपथ घातली. माणसं शब्दाची पक्की. पुढच्या रविवारी चिखलीचा संघ खेळायला आला तेव्हाही बांधावर चारशे बारा तोंडं मिटलेली. टेंभुर्णखेड पाच गोलांनी हरलं. अर्ध्या खेळात इंद्रभान धापा टाकत बांधापाशी आला आणि हळूच विचारता झाला, “कोनाच्या घरी कोनी वारलं काय, भाऊ?”

हा प्रश्न शालिग्रामच्या काळजात रुतून बसला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. गप बसून पाच गोल खाल्ले, आता गप बसून मैदानही घालवायचं काय? जो गप बसतो तो समर्थक कसला? सरकारला वाटेल की या गावात राम उरला नाही, यांना मैदान देऊन काय करायचं.

“आपुन बोललं पाह्यजे,” तो म्हणाला.

“बोला,” सत्यभामाबाई म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

एकोणतिसाव्या दिवशी, मुदत संपायला एक दिवस असताना, टेंभुर्णखेडात न भूतो अशी मिरवणूक निघाली. पुढं डफडं, मागं शालिग्राम, त्याच्या मागं चारशे अकरा. कचेरीपुढं आल्यावर त्यांनी मैदानाचा जयजयकार केला आणि आपलं म्हणणं विहित नमुन्यात द्यायला मागितलं. उत्तमरावांचा चेहरा पांढरा पडला.

“अहो, नमुना एकच आहे, हरकतीचा. पाठिंब्याचा नमुना सरकारनं छापलेला नाही.” (आजवर कोणी मागितला नव्हता.)

“मंग त्याच्यातच लिहा,” शालिग्राम उदारपणे म्हणाला, “का आमची काही हरकत नाही.”

“तुम्ही घरी जा हो. मी हात जोडतो.”

पण तोवर बांधावरचा जुना उत्साह परत आला होता आणि तो परत आल्यावर काय होतं ते आपण पाहिलंच आहे. चारशे बारा नमुने भरले गेले. ‘हरकतीचे स्वरूप’ या रकान्यात चारशे बारा वेळा ‘काही नाही’ असं लिहिलं गेलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठा उठवला. उत्तमरावांनी एकेका कागदावर आवक शिक्का मारला. प्रत्येक शिक्क्याला बाहेर टाळ्या पडत होत्या.

आता नियम असा की आलेल्या प्रत्येक हरकतीची सुनावणी स्वतंत्र व समक्ष झाली पाहिजे, दर मंगळवारी, दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही (घाईत अन्याय होऊ नये म्हणून). चारशे बारांना तीननं भागलं की एकशे अडतीस मंगळवार येतात. म्हणजे ज्या मैदानाला गावात एकाही माणसाचा विरोध नव्हता, त्यावरचा विरोध ऐकून संपायला १९३७ चा कार्तिक उजाडणार होता.

पहिल्या मंगळवारी सुनावणीचे साहेब टांग्यातून उतरले. पहिली हरकत शालिग्रामची.

“तुमची हरकत काय?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही, सायब.”

“पुरावा?”

शालिग्रामनं खिसे चाचपले. काही नसल्याचा पुरावा त्याच्याकडे नव्हता. साहेब समजूतदार होते. त्यांनी त्याला पुरावा गोळा करायला पुढची तारीख दिली.

त्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. चिखलीनं पाच गोल चढवल्यापासून रविवारचा खेळ थंडावला होता. सुनावणी मात्र दर मंगळवारी ठरल्या वेळी व्हायची. तिच्यात दोन बाजू होत्या, मधे शिट्टीऐवजी घंटा होती, आणि आपला माणूस आत होता. दुसऱ्या मंगळवारी पन्नास लोक आले, पाचव्या मंगळवारी तीनशे. भुईमुगाच्या शेंगा विकणारा बांधावरून उठून कचेरीच्या दारात बसला. “पुरावा?” असं साहेब म्हणाले की लोक श्वास रोखायचे, आणि हरकतदार “नाही” म्हणाला की जागेवर उठून नाचायचे. साहेबांनाही आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळत होत्या. सहाव्या मंगळवारपासून ते नवा कोट घालून येऊ लागले. इंद्रभाननं तर खेळ सोडून हरकतदारांना काय बोलायचं ते शिकवायचं काम धरलं, आणि त्यात त्याला पायापेक्षा चांगली गती निघाली.

वैशाख लागला. सत्तावीस सुनावण्या झाल्या होत्या. शालिग्रामला मात्र झोप नव्हती. पाटलांचं पेरणीचं औत दुरुस्तीला सुताराकडे गेलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. शेवटी तो एकटाच उत्तमरावांकडे गेला आणि हलक्या आवाजात बोलला. (हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.)

“सायब, चुकलं माह्यं. आता हे अर्ज वापस घेता येतीन का?”

उत्तमरावांच्या तोंडावर तीन महिन्यांनी रया आली. “येतील की! सगळ्यांनी एकाच दिवशी मागं घ्या. अर्ज नाही तर सुनावणी नाही. आठवड्यात काम सुरू करतो.”

पुढच्या मंगळवारी चारशे बारा माणसं ओळीनं आली आणि कोणीही न ओरडता, मान खाली घालून, आपापलं म्हणणं मागं घेत असल्याचं लिहून देऊन गेली. शिस्त बघून साहेबांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि फाईल पुढं ओढली. साहेब तर्काला पक्के होते. त्यांनी जो अहवाल लिहिला तो येणेप्रमाणे :

“मैदानाबाबत चारशे बारा इसमांचे म्हणणे प्राप्त झाले. सर्वांनी सुरुवातीस आपली काही हरकत नसल्याचे लेखी कळविले होते. तथापि विचारांती सर्वांनी सदर म्हणणे एकमताने मागे घेतले. सबब आता त्यांची काही हरकत नाही असे म्हणता येत नाही. इतका तीव्र लोकविरोध पाहता काम रद्द करणे इष्ट.”

काम रद्द झालं. आठ दिवसांनी मिरग लागला. किसनराव पाटलांनी गोलाचे चारही बांबू उपटून बांधावर टाकले. मन मोठं म्हणून शालिग्रामला म्हणाले, “घेऊन जा. दोडक्याच्या मांडवाले कामी येतीन.” शालिग्रामनं बांबू खांद्यावर घेतले आणि वावर ओलांडून जाताना त्याला रडू कोसळलं. मागं सरकीची ओळ पडत होती.

इकडे कमिटीपुढं नवीनच अडचण उभी राहिली. चारशे बारा अर्ज, तेवढेच माघारीचे अर्ज आणि सत्तावीस सुनावण्यांचे कागद ठेवायला कचेरीत जागा नव्हती. शिवाय सवयीनं इतर सुनावण्यांनाही मंगळवारी येणारी गर्दी व्हरांड्यात मावत नव्हती. तेव्हा कचेरीमागच्या मोकळ्या जागेत एक प्रशस्त सुनावणीगृह बांधावं असं ठरलं. ओव्हरसियरला नवा नकाशा काढायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं जुन्यातल्याच सात दगडी पायऱ्या ठेवल्या. मैदानाच्या जागी साहेबांचं टेबल आलं. नोटीस रांजणामागं लागली.

तीस दिवसांत एकही अर्ज आला नाही. गावात कोणालाच सुनावणीगृह नको होतं. पण शालिग्राम आता नोटीस दिसली की रस्ता बदलायचा, आणि बाकीच्यांना मागच्या वेळचा अनुभव होता. एकतिसाव्या दिवशी पाया खोदला, दिवाळीला इमारत उभी. गावाच्या इतिहासात इतकं झटपट दुसरं काही झालेलं नाही.

“पाह्यलं?” सत्यभामाबाई म्हणाली. “गप बसलं का कसं होते ते?”

 शालिग्राम पुढं दर मंगळवारी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसू लागला. मोरीच्या नाहीतर बांधाच्या सुनावण्या असत. कधी चुकून तोंडातून “हाण बे” निघून जाई, आणि समोर मैदान नाही हे आठवून तो खाली बघे.

इमारत अजून मजबूत आहे. वाचकांनी आपापल्या गावातली सर्वांत मजबूत इमारत एकदा डोळ्यांपुढं आणावी. ती कोणाला हवी होती ते आठवून पाहावं, आणि तिची नोटीस लागली होती त्या तीस दिवसांत आपण काय बोललो होतो तेही. काही आठवलं नाही तरी हरकत नाही.